खोती गेली, घामाचा हिशेब राहिला

खोतीच्या काळात संगमेश्वराकडचं कूळ भात पिकवायचं आणि बहुतेक ठिकाणी निम्मं खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरी पोचवायचं. वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा वेगळा, शिवाय वेठ होतीच. ही पद्धत बंद करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुढच्या जानेवारीत कोकणातली कुळं मोर्चा घेऊन मुंबईत धडकली. खोती रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडलं.

१९५६ साली बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि कोकणातल्या वाड्यावाड्या त्यांच्यामागे गेल्या. या धर्मांतरातला जातीविरुद्धचा विद्रोह सगळ्यांना दिसतो, त्यातला पैशाचा विचार मागे पडतो. बुद्धाने गृहस्थाला गरीब राहायला सांगितलेलं नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार वाटे आहेत: एक खाण्यापिण्याला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीसाठी. शस्त्रं, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार मात्र उपासकाला वर्ज्य. मासळीवर जगणाऱ्या कोकणाला यातली एक अट जडच जाईल, हे मान्य करायला हवं.

मला त्याच सुत्तातला मालकाच्या कर्तव्यांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. नोकराची ताकद पाहून काम द्यावं, जेवण आणि मजुरी द्यावी, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, घरात गोडधोड झालं तर त्याला वाटा द्यावा, वेळोवेळी सुट्टी द्यावी. खोताच्या वहीत यातलं काय होतं?

आणि आजच्या काजूच्या धंद्यात काय आहे? टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून काजू फोडणाऱ्या बायका बोटांना राख किंवा गोडेतेल चोळतात. मजुरी अनेक ठिकाणी किलोवर. बोटं सोलवटून दोन दिवस घरी बसावं लागलं, की तेवढी मजुरी बुडाली. इथे आजारपणातली काळजी म्हणजे हातमोजे, मलम आणि त्या दोन दिवसांचा पगार. काजूगराच्या भावात हा खर्च धरलाच पाहिजे आणि गिऱ्हाइकाने तो कुरकुर न करता द्यायला हवा. बचतगटांच्या छोट्या युनिटांत हे आधी जमेल असं वाटतं, कारण तिथे काजू फोडणारी आणि हिशेब लिहिणारी अनेकदा एकाच वाडीतल्या असतात.