विश्लेषण : मिग-२१ निवृत्त झाले, पण 'उडती शवपेटी' हा शिक्का का बसला? हवाई दलातील अपघातांमागे नेमके काय असते?

चंडीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांनी अखेरचे उड्डाण केले आणि भारतीय हवाई दलातील ६२ वर्षांचा अध्याय संपला. १९६३ मध्ये याच चंडीगडमध्ये हे विमान दाखल झाले होते. देशाला ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणारे पहिले लढाऊ विमान मिळाले, ते याच्याच रूपाने. मात्र निरोपाच्या दिवशीही पराक्रमाइतकीच चर्चा झाली ती अपघातांची. दोष विमानाचा होता, वैमानिकांचा की निर्णय लांबवणाऱ्या यंत्रणेचा?

आकडे काय सांगतात?

तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेली माहिती आजही उद्धृत केली जाते. रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने सुमारे चार दशकांत अपघातग्रस्त झाली. त्यात १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा मृत्यू झाला.

हा आकडा सरसकट मिग-२१च्या नावावर खपवला जातो. प्रत्यक्षात ते उत्तर मिग विमानांविषयी होते. शिवाय नुसत्या संख्येवरून विमान धोकादायक ठरत नाही. ताफ्यात ज्या विमानांची संख्या सर्वाधिक आणि उड्डाणेही सर्वाधिक, त्यांचे अपघातही जास्त दिसणार. म्हणून जगभरात अपघातांचा दर उड्डाण-तासांच्या प्रमाणात मोजतात. भारतीय हवाई दल दर १० हजार उड्डाण-तासांमागे किती अपघात झाले, हे पाहते. तरीही तरुण वैमानिकांचे एवढे मृत्यू नजरेआड करता येत नाहीत.

विमानातच दोष होता का?

मिग-२१ची रचना १९५०च्या दशकातील. उंचावर झपाट्याने जाऊन शत्रूचे विमान गाठायचे, हे त्याचे मूळ काम. त्यासाठी लहान त्रिकोणी पंख आणि एकच इंजिन. असे पंख प्रचंड वेगात उपयोगी, पण कमी वेगात पुरेशी उचल देत नाहीत. त्यामुळे उतरतानाही विमानाचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक ठेवावा लागे. नाक वर असल्याने समोरची धावपट्टीही नीट दिसत नसे. म्हणजे निर्णयाला वेळ कमी आणि चुकीला माफी नाही.

इंजिन एकच असल्याने ते बंद पडले किंवा त्यात पक्षी शिरला तर दुसरा आधार नाही. उंची कमी असेल, तर इंजिन पुन्हा सुरू करायचे की बाहेर उडी घ्यायची, हे काही सेकंदांत ठरवावे लागते. त्यातच १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि सुट्या भागांचा पुरवठा विस्कळीत झाला.

मग प्रशिक्षणाचे काय?

हा या इतिहासातील सर्वात कळीचा मुद्दा. नवा वैमानिक किरणसारख्या कमी वेगाच्या प्रशिक्षण विमानावर शिकायचा आणि तिथून थेट मिग-२१च्या कॉकपिटमध्ये जायचा. मधली पायरीच नव्हती. आसाममधील तेजपूरला १९८६ पासून नवोदितांना मिग-२१वर तयार केले जाई, पण तेथेही शिकण्याचे साधन पुन्हा मिग-२१च होते.

वाढत्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर नेमलेल्या ला फोंटेन समितीने १९८२ मध्ये प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली. ब्रिटिश बनावटीच्या ६६ 'हॉक' विमानांचा करार झाला तो मार्च २००४ मध्ये. बिदरच्या तळावर ती दाखल झाली २००८ मध्ये. शिफारस ते अंमलबजावणी या प्रवासाला २६ वर्षे लागली. समितीने शिफारस केली तेव्हा जन्मलेले मूल तोवर वैमानिक झाले होते.

पुण्यातील गाडगीळ कुटुंबाने काय विचारले?

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ विमान १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. चौकशीत वैमानिकाच्या चुकीकडे बोट दाखवले गेले. आई कविता आणि वडील अनिल गाडगीळ यांना ते मान्य नव्हते. त्यांनी जाहीरपणे प्रश्न विचारले आणि मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था उभी केली. तोवर तळाच्या भिंतीआड राहणारा हा विषय त्यामुळे घराघरांत पोहोचला. तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी २००३ मध्ये अंबाला येथे स्वतः मिग-२१मधून उड्डाण केले, तेही याच वादाच्या पार्श्वभूमीवर.

गाडगीळ यांच्या प्रश्नाचे मर्म आजही लागू आहे. लष्करी विमानाच्या अपघातानंतर हवाई दलच 'कोर्ट ऑफ इन्क्वायरी' नेमते आणि तिचा पूर्ण अहवाल सहसा जाहीर होत नाही. 'मानवी चूक' असा शेरा बसला की फाइल बंद होते. पण अपुऱ्या प्रशिक्षणामुळे किंवा अवघड विमानामुळे झालेली चूक एकट्या वैमानिकाची कशी?

परिस्थिती सुधारली आहे का?

आकड्यांनुसार, होय. संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार २०००-०५ या काळात दर १० हजार उड्डाण-तासांमागे ०.९३ असलेला अपघातदर २०२०-२४ मध्ये ०.२० पर्यंत खाली आला. हॉक आले. वारंवार अपघात होणारे एचपीटी-३२ हे प्राथमिक प्रशिक्षण विमान २००९ मध्ये थांबवण्यात आले आणि २०१३ पासून त्याची जागा पिलाटसने घेतली. त्यामुळे नवोदितांचा प्रवास टप्प्याटप्प्याने होऊ लागला.

तरीही धोका संपलेला नाही. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत ३४ अपघात झाले. डिसेंबर २०२१ मध्ये कुन्नूरजवळ एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळून संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू झाला. हेलिकॉप्टर अचानक ढगांत शिरल्याने वैमानिकाला दिशेचा अंदाज राहिला नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. मे २०२३ मध्ये राजस्थानातील हनुमानगड जिल्ह्यात मिग-२१ घरावर कोसळून तीन महिलांचा बळी गेला. २०२५ मध्ये मार्च ते जुलै या काळात जग्वारचे तीन अपघात झाले. म्हणजे मिग-२१ गेले तरी जुन्या ताफ्याचा प्रश्न उरतोच. नवे विमानही याला अपवाद नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईतील हवाई प्रदर्शनात तेजस कोसळून वैमानिकाचा मृत्यू झाला.

जुनी विमाने वेळेत का बदलली नाहीत?

कारण पर्याय तयार नव्हता. तेजसच्या प्रकल्पाची सुरुवात १९८०च्या दशकात झाली, ती मिग-२१ची जागा घेण्यासाठीच. तेजसची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली २०१६ मध्ये. तोवर सुमारे १२५ मिग-२१ विमानांना नवे रडार व क्षेपणास्त्रे बसवून 'बायसन' रूपात आयुष्य वाढवून देण्यात आले. आजही हवाई दलाला मंजूर ४२ स्क्वाड्रनच्या तुलनेत हाताशी २९ स्क्वाड्रन आहेत. त्यामुळे जुने विमान काढले तर सीमेवरील बळ घटते आणि ठेवले तर वैमानिकाचा धोका वाढतो, असा हा पेच आहे.

या साखळीचे एक टोक नाशिकजवळच्या ओझरला आहे. 'एचएएल'च्या याच कारखान्यात परवान्याखाली ६००हून अधिक मिग-२१ तयार झाली. तेथूनच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए या विमानाने पहिले उड्डाण केले. अशा १८० विमानांची मागणी नोंदवण्यात आली आहे. ती वेळेत मिळाली, तरच जग्वारवर मिग-२१सारखी वेळ येणार नाही.