सर्व्हरची हजेरी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हुबळीच्या दुर्गदबैलात सायंकाळी शिरलेल्या माणसाला आपल्या इच्छेने चालता येत नाही. गर्दी नेईल तिकडे जावे लागते. अशा वेळी कापडाच्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या दारात उभा असलेला माणूस पाहण्यासारखा असतो. तो काही विकत नाही की मोजत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला 'वर जा', 'डावीकडे बसा' एवढेच तो सांगतो. त्याची नजर मात्र सारखी आत असते : कोण मोकळा आहे, कोणापुढे ठाणांचा ढीग पडला आहे, कोण जेवावयास गेला आहे. संगणकाच्या जगात ज्याला लोड बॅलन्सर म्हणतात, तो हाच माणूस होय.

याची गरज का पडते, हे २८ एप्रिल २०२१ या दिवशी पुष्कळांनी अनुभविले. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी दुपारी चार वाजता 'कोविन'वर सुरू झाली, आणि त्या पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. प्रारंभी काही मिनिटे व्यवस्था अडखळली. असा लोंढा एका यंत्राच्या बळावर पेलणे अशक्य. अनेक सर्व्हर मांडून काम वाटून द्यावे लागते. गर्दीचे हे गणित तसे जुनेच आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ मध्येच त्यावर निबंध लिहिला. हे गृहस्थ आधी शाळेत शिकवीत असत, हे आम्हां मास्तरांनी अवश्य सांगावे!

आता हा दारवान भाड्याने मिळतो. अमेझॉनचे मुंबई क्षेत्र २०१६ साली सुरू झाले. तेथे तो तासाच्या हिशेबाने घेता येतो, आणि गिऱ्हाईक एकही आले नाही तरी त्याचे भाडे चालूच राहते. त्याला दोन कामे सांगावयाची असतात. एक, आलेली मागणी कोणाकडे धाडावयाची. दुसरे, सर्व्हरांची हजेरी घ्यावयाची. निराळे काही न सांगितल्यास ही हजेरी दर ३० सेकंदांनी होते, आणि लागोपाठ दोनदा योग्य उत्तर न देणाऱ्या सर्व्हरकडे काम पाठविणे थांबते.

पूर्वी हे सारे जाणकार माणूस स्वतः रकाने भरून करीत असे. आता ते कृत्रिम बुद्धीच्या एजंटाला साध्या भाषेत सांगता येते. (विम्याचा एजंट नव्हे, हा घरी येऊन बसत नाही.) अशा एजंटाच्या हाती बाहेरची साधने देण्याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा प्रकार झपाट्याने वाढला आहे.

माझा एक जुना विद्यार्थी दुर्गदबैलाजवळ माडीवर असली कामे करतो. एका शिक्षणसंस्थेचे प्रवेश-अर्ज संगणकावर घ्यावयाचे होते. त्याने एजंटाला लिहिले, 'या दोन सर्व्हरांपुढे लोड बॅलन्सर बसव.' एजंटाने दोन प्रश्न विचारले, प्रमाणपत्र जोडले, दोन्ही सर्व्हर यादीत घातले, आणि आमचा चहा संपावयाच्या आत 'काम झाले' असे कळविले. पडद्यावर दोन्ही सर्व्हरांपुढे हिरवी खूण होती. मीही कौतुक केले.

अर्जांच्या पहिल्याच दिवशी एका आईचा फोन आला : 'अर्ज भरला, आभार मानले गेले, पण पोचक्रमांक आलाच नाही.' शोध घेता असे दिसले, की एका सर्व्हरचा माहितीच्या कोठाराशी असलेला संबंध सकाळीच तुटला होता. त्याचे पहिले पान मात्र व्यवस्थित उघडत होते, आणि एजंटाने हजेरी नेमकी त्या पहिल्या पानावर लावली होती. दर ३० सेकंदांनी विचारणा होई, सर्व्हर 'हजर' म्हणे, आणि निम्मे अर्ज त्याच्या वाट्याला येऊन नाहीसे होत. वर्गात 'हजर' म्हणून खिडकीबाहेर पाहणारी मुले मी वीस वर्षे पाहत आलो. तरी त्या हिरव्या खुणेने मला फसविले.

एजंटाची यात लबाडी नव्हती. सर्व्हर हजर असणे म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून त्याने रूढ असलेले उत्तर घेतले. नंतर विद्यार्थ्याने हजेरीसाठी निराळे पान केले. ते कोठारातून एक नोंद वाचून पाहते, आणि मगच 'ठीक' म्हणते. यातही एक गंमत आहे. कोठारच बंद पडले तर सारा वर्ग गैरहजर ठरतो. अशा वेळी अमेझॉनचा दारवान कोणालाच न वगळता सर्वांकडे काम धाडू लागतो. तेव्हा कोठारावरची नजर वेगळीच ठेवावी लागते.

आता तो एजंटाकडून आधी संपूर्ण बेत लिहून घेतो, वाचतो, आणि मगच संमती देतो. किल्लीही बेताचीच देतो : लोड बॅलन्सर उभारता यावा, पण कोठार पुसता येऊ नये.

हरवलेले अर्ज कोणाचे, हे मात्र कळले नाही. दारवानाची नोंदवही मागितल्याखेरीज सुरू होत नाही, आणि ती आम्ही मागितली नव्हती. संस्थेने मुदत दोन दिवस वाढविली, फाटकावर पाटी लावली आणि टेबलावर कागदी अर्जांचा गठ्ठा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून तेथे पालकांची रांग होती, आणि तो विद्यार्थी स्वतः पोचपावत्या फाडीत बसला होता.