चिठ्ठीवाचून न्यूरो नाही

लेस्टर, इंग्लंड

इंग्लंडात माणसाचं डोकं कितीही दुखो, त्याला सरकारी आरोग्यसेवेत थेट न्यूरोलॉजिस्टकडे जाता येत नाही. हे नाशिकच्या माझ्या नणंदेला सांगितलं, तेव्हा तिला आधी वाटलं की आमच्या गावात न्यूरोलॉजिस्टच नसावा. मग वाटलं, पैशांची अडचण असेल. "वहिनी, लागतील तेवढे पाठवते, पण दादाला चांगल्या माणसाला दाखव." चांगला माणूस बसने थोड्याच अंतरावर होता. त्याच्यापर्यंत पोचायला जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागते, आणि जीपीपर्यंत पोचायला सकाळी आठाच्या ठोक्याला फोन लावावा लागतो, एवढंच.

तिकडे भारतात दोन समजुती पक्क्या आहेत. एक, इथे सगळं फुकट असतं. दुसरी, साहेबाच्या देशात सगळं चकाचक आणि झटपट असतं. पहिलीबद्दल सांगायचं तर व्हिसावर राहणारा प्रौढ माणूस 2024 पासून वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार आधीच भरतो आणि वर पगारातून कर देतो तो वेगळाच. औषधाच्या दुकानात इंग्लंडात दर औषधामागे 9.90 पौंड पडतात, मग ते औषध दोन पौंडांचं असो की दोनशेचं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. पण दवाखान्यात गल्ला नाही हे खरं आहे. 5 जुलै 1948 ला एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून डॉक्टर आणि पेशंट यांच्यामध्ये नोट फिरत नाही. मध्ये फिरते ती चिठ्ठी, आणि ती नोटेपेक्षा पुष्कळ सावकाश फिरते.

आठ वाजताच्या फोनचं वर्णन करायचं तर आमची मुंबईची लोकल शिस्तीत सुटते म्हणावं लागेल. आठला एक मिनिट असताना लावला तर दवाखाना बंद, आठ वाजून एक मिनिटानं लावला तर तुमच्या आधी वीसेक जण. लागला की रिसेप्शनिस्ट विचारते, काय होतंय? पहिल्यांदा हा प्रश्न ऐकून नवरा चिडला होता. तिला का सांगायचं? नाशिकला कंपाउंडरलाही सगळ्या गल्लीचे आजार ठाऊक असतात, पण तो निदान विचारत तरी नाही! इथे विचारायचं तिला रीतसर शिकवलेलं असतं, म्हणजे कुणाला डॉक्टर, कुणाला नर्स, कुणाला कोपऱ्यावरचा केमिस्ट हे तिला ठरवता येतं. "डोकं दुखतंय" एवढं सांगितलं की केमिस्ट पदरी पडतो.

नवऱ्याचं दुखणं केमिस्टचं नव्हतं. त्याला क्लस्टर हेडेक म्हणतात. साधारण हजारात एकाला होतो. एकाच डोळ्यामागे, कायम त्याच बाजूला, सळई खुपसल्यासारखी कळ येते. तो डोळा लाल होऊन वाहतो, पापणी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी गळते. अर्धशिशीचा माणूस अंधार करून पडून राहतो. याला पडवत नाही, बसवत नाही. रात्री दोनला हा माणूस स्वयंपाकघर ते पुढचं दार अशा येरझाऱ्या घालायचा आणि मधेच फ्रिजच्या दारावर कपाळ टेकवून उभा राहायचा. फ्रिजवरची चुंबकं मी शेवटी काढून ठेवली. झटका 15 मिनिटांपासून तीन तासांपर्यंत कितीही चालतो, दिवसातून आठ वेळासुद्धा येऊ शकतो, आणि असं काही आठवडे किंवा महिने चालून एक दिवस सगळं थांबतं, पुढल्या खेपेपर्यंत.

आता इथला हिशेब बघा. झटका जास्तीत जास्त तीन तासांचा. तातडीच्या विभागाचं सरकारी उद्दिष्ट आहे चार तासांचं, आणि तेही हल्ली पाळलं जात नाही. एका रात्री आम्ही गेलो, तर नंबर लागेपर्यंत कळ ओसरलेली. तरुण डॉक्टरसमोर बसला होता तो मशीनमधून घेतलेले वेफर्स खाणारा धडधाकट गृहस्थ. चिठ्ठी दिल्यापासून तज्ज्ञाकडचे उपचार सुरू होईपर्यंतचं उद्दिष्ट आहे 18 आठवड्यांचं, दर शंभरांतल्या 92 जणांसाठी. 2016 नंतर ते गाठलेलं नाही, आणि इंग्लंडची प्रतीक्षा यादी 70 लाखांच्या वर आहे. आजाराची एक खेप बहुधा सहा ते बारा आठवड्यांची. म्हणजे या देशाच्या सगळ्या मुदती जणू या आजाराला नेमकं चुकवण्यासाठीच बेतल्या आहेत.

नणंदेचा सल्ला तोवर चालूच होता. सूर्योदयाआधी जिलेबी, सुंठीचा लेप, आणि मुळात हे पित्तच. नाशिकच्या हवेत सगळ्या डोकेदुख्या पित्ताच्या असतात. पण तिचं एक म्हणणं खोडता येत नव्हतं: "इथे असता तर संध्याकाळपर्यंत एमआरआय झाला असता." झाला असता! गंगापूर रोडला सकाळी नंबर लावला की दुपारी न्यूरो, संध्याकाळी मशीन आणि रात्री ओळखीच्या डॉक्टरांकडे फिल्म. मागे तिचंच डोकं दुखत होतं तेव्हा आठवड्याच्या आत डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे, दातांचे आणि मेंदूचे असे चौघे डॉक्टर झाले. फाइल झाली दिवाळी अंकाएवढी. प्रत्येकानं आपापल्या अवयवाला निर्दोष सोडलं. दुखणं किती वेळ टिकतं, असं चौघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

आमच्या जीपीबाईंनी तेवढंच विचारलं. दहा मिनिटांची भेट, त्यात एमआरआयचं नाव नाही. किती वेळ टिकतं? कुठल्या बाजूला? दुखताना पडून राहता की फिरता? नवऱ्यानं "फिरतो" म्हटल्यावर त्यांनी टायपिंग थांबवलं. म्हणाल्या, असे पेशंट मी फार पाहिलेले नाहीत, आपण मिळून वाचू. आणि संगणकाचा पडदा चक्क आमच्याकडे वळवला. तिथे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना होती, 2012 ची, कुणालाही घरबसल्या वाचता येते अशी. या दुखण्याला पॅरासिटामॉल नको, आयबुप्रोफेन नको, अफूच्या जातीची औषधं नकोत. द्यायचं ते सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, नाहीतर मिनिटाला किमान 12 लिटर शुद्ध ऑक्सिजन, मास्कमधून. पेशंटसमोर पुस्तक उघडणाऱ्या डॉक्टरकडे नाशिकमध्ये कोणी पुन्हा फिरकलं असतं का? "त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं," हा नणंदेचा निकाल. मला मात्र त्या बाईंचा हेवा वाटला, कारण न लाजता "बघून सांगते" म्हणण्याएवढी निश्चिंती आपल्याकडे डॉक्टरला परवडत नाही. तिकडे शेजारचा दवाखाना वाटच बघत असतो.

त्यांनी चिठ्ठी लिहिली ती आमच्यासमोर. आणि त्या चिठ्ठीसाठी त्यांना न्यूरोलॉजिस्टकडून एक पेनीही मिळणार नव्हती.

हे वाक्य तिकडच्या वाचकांसाठी मुद्दाम वेगळं लिहिलं. आपल्याकडे चिठ्ठी नाही असं कुठे आहे? डॉक्टरांनी खरडून दिलेल्या चिठ्ठीवर कोणत्या लॅबला जायचं तेही लिहिलेलं असतं, आणि त्या लॅबकडून कोणाला किती 'कट' जातो हे सगळ्यांना माहीत असतं. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदासुद्धा तयार करवून घेतला. मसुदा झाला, चर्चा झाली. प्रामाणिक डॉक्टर तेव्हाही होते, आजही आहेत, आणि त्यांनाच त्या चर्चेची सगळ्यात जास्त लाज वाटली. पण एकूण व्यवहार असा की आमची चिठ्ठी पैशाच्या चाकांवर धावते म्हणून ती वेगवान. इथली पायी चालते. नाशिकचा वेग आणि या बाईंची चिठ्ठी, असं मागायला मी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?

गंमत म्हणजे, खिशाकडे न बघता उपचार, आधी जवळचं केंद्र आणि मग तज्ज्ञ, हे सगळं एनएचएसच्या दोन वर्षं आधी, 1946 मध्ये, भारतात छापून तयार होतं. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल. हे भोर जन्मानं नाशिकचे, शिकले पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. नणंदेला सांगितलं तर म्हणाली, "मग ते राबवायचं कोणी?"

न्यूरोलॉजिस्टच्या भेटीचं पत्र आलं तेव्हा खेप संपून गेली होती. न्यूरोलॉजिस्टनं मोबाइलवरचा माझा रात्रीचा व्हिडिओ पाहिला, झटक्यांची नोंदवही पाहिली, आणि निदान पक्कं केलं. पुढच्या खेपेसाठी व्हेरापामिल, डोस वाढवताना ईसीजी, आणि घरी ऑक्सिजन. ऑक्सिजनचा फॉर्म गेला आणि काही दिवसांत कंपनीचा माणूस सिलिंडर घेऊन दारात हजर! अग्निशमन दलाला कळवायची संमतीही आधीच घेतलेली. त्यानं बुटांवर निळी प्लास्टिकची पिशवी चढवली, जिन्याखाली सिलिंडर लावले, गॅसच्या शेगडीपासूनचं अंतर पाहिलं, नवऱ्याकडून मास्क दोनदा लावून घेतला. पैशांचं नाव नाही. मी फोटो नाशिकला पाठवला आणि तो पाठवायला नको होता. कोविडच्या लाटेतला 2021 चा एप्रिल ज्यांनी नाशकात काढला त्यांना घरातला सिलिंडर म्हणजे एकच गोष्ट आठवते. नणंद फोनवर रडायलाच लागली. दादा मागे भांडी घासतोय, हे तिला व्हिडिओवर दाखवावं लागलं.

न्यूरोलॉजिस्टचं जीपीला गेलेलं पत्र इथे पेशंटलाही येतं. "या प्रसन्न गृहस्थाला माझ्याकडे पाठवल्याबद्दल आभार" अशी त्याची सुरुवात. त्या डोळ्याला प्रसन्न म्हणणारा माणूस थोरच. पुढे मात्र दोन पानं स्वच्छ: काय विचारलं, काय सापडलं, काय सापडलं नाही, काय द्यायचं आणि का. नणंदेनं ते पत्र तिच्या इमारतीतल्या न्यूरो डॉक्टरांना जिन्यात गाठून दाखवलं. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, उपचार बरोबर आहे, ईसीजी चुकवू नका म्हणाले, फी घेतली नाही आणि पत्राचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून घेतला.

इथली पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे. नणंदेनं गंगापूर रोडला ऑगस्टमधला नंबर लावून ठेवलाय.