विद्युत् पंपसंच, शेतीचा : पुरवठ्यातील दोषांचे निदान

शेतीचा विद्युत् पंपसंच सुरू होत नसल्यास विजेचा पुरवठा नेमका कोठे खंडित झाला आहे, हे क्रमाने शोधण्याची पद्धत. पंप, त्याला फिरविणारे त्रिकला प्रवर्तन चलित्र (व्यवहारातील ‘मोटर’), स्टार्टर, मेनस्विच व त्यांना जोडणारी केबल मिळून पंपसंच होतो. पंप बंद पडला की दोष मोटरीचाच, असे गृहीत धरून ती विहिरीतून वर काढण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा मोटर निर्दोष असते आणि तीन फेजांपैकी एखादी फेज तिच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील विहिरी आणि भीमा नदीवरील उजनी धरणाचा (पूर्ण १९८०) इंदापूर तालुक्यात पसरलेला फुगवटा यांवरील बागायत बव्हंशी विद्युत् पंपांवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात पळसदेव, भिगवण या भागांत फुगवट्याचे पाणी मागे हटते, तसतसा पंप पुढे न्यावा लागून केबल लांबते, तिच्यातील जोड वाढतात व मोटरीस मिळणारा व्होल्टदाब घटतो. शेतीला थ्री फेज वीज ठराविक तासच मिळत असल्याने निदानास लागलेला वेळ त्या पाळीतूनच वजा होतो. उभा ऊस एखादी पाळी चुकली तरी तग धरतो. नुकतीच केलेली लागण किंवा भाजीपाला धरेलच असे नाही.

मोटरीच्या कोठीतील दिवा लागला म्हणजे वीज आली, हा समज प्रथम सोडावयास हवा. शेतातील वस्त्याही ज्या कृषी वाहिन्यांवर असतात, तेथे थ्री फेज बंद असतानाही दिव्यांपुरती सिंगल फेज चालू ठेवण्याची पद्धत राज्यात रूढ झाली. दिव्याला एक फेज पुरते, मोटरीस तिन्ही लागतात. रोहित्रात (यालाच गावोगाव ‘डीपी’ म्हणतात) ११,००० व्होल्टचा दाब उतरून कोणत्याही दोन फेजांमध्ये सु. ४१५ व्होल्ट आणि फेज व न्यूट्रल यांमध्ये सु. २४० व्होल्ट मिळतो.

टेस्टरचा पुरावा येथे अपुरा ठरतो. गेलेल्या फेजच्या तारेतही जोडलेल्या मोटरींच्या वेटोळ्यांतून उलट दाब येतो व टेस्टर पेटतो. त्यापेक्षा सारख्या वॉटचे दोन तापदीप्त दिवे एकसर जोडून केलेला चाचणी दिवा विश्वसनीय होय. एकच दिवा ४१५ व्होल्टवर तत्काळ जळेल. दोहोंत तो दाब निम्मा-निम्मा वाटला जातो. एलईडी दिवा अल्प दाबावरही प्रकाशत असल्याने या कामी निरुपयोगी असतो. स्टार्टर बंद ठेवून मेनस्विचच्या येणाऱ्या टोकांवर फेजांच्या तिन्ही जोड्या तपासतात. ही टोके जिवंत असल्याने कोरड्या फळीवर उभे राहून, रबरी हातमोजे घालून, जाणकारानेच हे करावे.

तिन्ही जोड्यांवर दिवे सारखे लागले, तर पुरवठा ठीक आहे. एकाच जोडीवर लागून इतर दोन जोड्यांवर मुळीच लागले नाहीत, तर रोहित्राच्या लघुदाब बाजूचा एक फ्यूज उडाला आहे किंवा तेथून विहिरीपर्यंतची एक तार तुटली आहे. दोन जोड्यांवर किंचित मंद लागून तिसरीवर पूर्ण विझलेले राहिले, तर दोष ११,००० व्होल्टच्या बाजूस, म्हणजे बहुधा डीओ पडलेला असतो. रोहित्राचे उच्चदाब वेटोळे त्रिकोणी (डेल्टा) जोडणीचे असल्याने एक तार गेली की एका वेटोळ्यास पूर्ण आणि उरलेल्या दोहोंस निम्मा दाब मिळतो; परिणामी दोन जोड्यांवर सु. ३६० व्होल्ट व तिसरीवर शून्य दाब येतो. त्याच रोहित्रावर इतरांच्या मोटरी चालू असल्यास ही चिन्हे इतकी स्वच्छ दिसत नाहीत. तरीही तक्रार देताना ‘लाईट नाही’ म्हणण्याऐवजी ‘डीओ गेला’ किंवा ‘खालचा फ्यूज गेला’ असे सांगता आले, तर वायरमनची एक खेप वाचते.

पुरवठा ठीक असल्यास मेनस्विचचे फ्यूज व नंतर स्टार्टर पाहावा. शेतीच्या स्टार्टरमधील कॉइल सामान्यतः दोन फेजांमध्ये जोडलेली असते. त्यांपैकी एक फेज गेल्यास बटण दाबूनही स्टार्टर ओढत नाही. तिसरी गेल्यास तो ओढतो, पण मोटर न फिरता नुसती घुमते. घुमणारी मोटर क्षणार्धात बंद करावी. पुरवठा असूनही स्टार्टर ओढत नसेल, तर अतिभार रिले सुटलेला असणे, कॉइल जळणे, संपर्कांत मुंगळे वा पाल अडकणे ही नेहमीची कारणे होत. रिले थंड झाल्यावर पूर्ववत बसवून मोटर चालवावी. तो पुन्हा सुटल्यास कारण शोधावे. त्याला तारेने बांधून ठेवण्याची सर्रास आढळणारी युक्ती म्हणजे मोटर जाळण्याचीच तयारी. चालू मोटरीची एक फेज गेली, तर ती उरलेल्या दोन फेजांवर फिरत राहते, मात्र त्यांतील प्रवाह सु. १·७३ पट व त्या वेटोळ्यांतील उष्णता सु. तिप्पट होते. सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटर वाचवितो, पण तोही सुटला की पुरवठाच नाही असे भासते. बुडीत पंपांच्या पेटीतील पाणी-रक्षक रिलेही असाच फसवितो.

वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच हा दोषांचा एक उगमच म्हणता येईल. एका रोहित्रावरील सर्व मोटरी एकाच क्षणी पूर्ण भाराच्या सु. सहा पट प्रवाह ओढतात, दाब कोसळतो व फ्यूज उडतो. रात्रीच्या पाळीत उठावे लागू नये म्हणून शेतकरी ते बसवितो, हेही खरे. मोटरीस योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडल्यास चालू स्थितीतील वाहिनीचा भार हलका होतो.

डीपीवरील फ्यूज शेतकऱ्याने स्वतः बसविणे बेकायदेशीर व प्राणघातक आहे. खालची बाजू बंद केली, तरी वरची ११,००० व्होल्टची बाजू जिवंत राहते. शिवाय डीओ पडलेल्या फेजची तारही उरलेल्या दोन फेजांमुळे रोहित्राच्या वेटोळ्यांतून भारित असू शकते. २००५ मध्ये राज्य विद्युत् मंडळाचे विभाजन झाल्यापासून हे काम महावितरणच्या कर्मचाऱ्यांचे असून, तेही वाहिनी उपकेंद्रातून बंद करून घेतल्यावर आणि तारा भूसंपर्कित केल्यानंतरच करावयाचे असते.