क्रियापद येईपर्यंत

‘आईनं बाबांना दादाला शाळेत सोडायला सांगितलं.’ किती साधं वाक्य! पण ‘आईनं बाबांना दादाला’ इथवर आलं की जरा थांबून बघा. तीन माणसं समोर उभी आहेत आणि कुणी काय केलं याचा अजून पत्ताच नाही. मराठीत क्रियापद शेवटी येणार. तोवर तिघांनाही डोक्यात धरून ठेवायचं. मग ‘सोडायला’ ऐकताच दादाला जागा मिळते, ‘सांगितलं’ ऐकताच आईला. बाबा तर दोन्हीकडे जोडले जातात: सांगितलं त्यांना आणि सोडायचंही त्यांनीच. एवढा सगळा व्यवहार दोन-तीन सेकंदांत उरकतो!

धरून ठेवायची ही जागा मात्र अगदी तोकडी. अनोळखी आकडे एकदाच ऐकले तर बहुतेकांना सातेक जेमतेम परत सांगता येतात. म्हणून मन नुसतं साठवत बसत नाही, पुढचा अंदाजही बांधतं. ‘आईनं’ मधला ‘नं’ कानावर पडताच बहुधा काहीतरी करून झालंय, एवढं त्यानं ताडलेलं असतं.

आणि अर्थ लागला की शब्द जातात. १९६७ साली जॅकलीन सॅक्स या संशोधिकेनं लोकांना उतारे ऐकवले आणि मधलंच एखादं वाक्य कधी तसंच, कधी थोडं बदलून पुन्हा देऊन ‘हेच होतं का?’ असं विचारलं. त्या वाक्यानंतर जेमतेम ८० अक्षरांचा मजकूर गेला होता, तरी शब्दरचनेतला बदल लोकांच्या फारसा लक्षात येईना. अर्थ बदलला की मात्र लगेच पकडत.

मला सर्वांत थक्क करते ती इटलीतली एक स्त्री. शास्त्रज्ञ तिला ‘पी. व्ही.’ म्हणतात. पक्षाघातानंतर ऐकलेले दोन-तीन आकडेच तिच्या लक्षात राहत. तरी रोजचं बोलणं तिला नीट समजे! शब्दांच्या क्रमावर सारा अर्थ टांगलेली लांबलचक वाक्यं आली, तरच ती अडखळे. म्हणजे अर्थ लावायला प्रत्येक शब्दाचा नाद जपावा लागतच नाही. मग नादाची ही साठवण असते कशासाठी?

१९८८ मध्ये अ‍ॅलन बॅडली, कोस्तांझा पापान्यो आणि ज्युसेप्पे वल्लार या संशोधकांनी तिला इटालियन शब्दांच्या जोड्या शिकायला दिल्या. तिनं त्या इतरांसारख्याच पाठ केल्या. मग इटालियन शब्दांना अनोळखी रशियन शब्द जोडून ऐकवले. वारंवार ऐकूनही तिला एकही येईना. पुढे १९९८ मध्ये बॅडली आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की कानातला नाद क्षणभर धरून ठेवायची ही सोय मुळात नवे शब्द शिकण्यासाठीच घडली असावी.