बाबांच्या कानातला सेल

भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात आणि मंडईच्या रात्री नाटक हे ठरलेलेच. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव हिंडतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो. माझ्या वडिलांनी अशी किती नाटके पाहिली, त्याचा हिशेब त्यांनाही नाही. नोकरीपायी मी चंद्रपुरात बिऱ्हाड केले, तेही माझ्याकडे राहायला आले. पण मंडईच्या दिवसांत त्यांचे पाय गडचिरोलीकडे वळतातच.

गेल्या वर्षी आरमोरीजवळच्या एका गावी आम्ही नाटकाला बसलो होतो. दुसरा अंक रंगात आला, हशाने मंडप दणाणला आणि बाबा मात्र माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. श्रवणयंत्राचा सेल संपला होता. खिशातला दुसरा घातला. तोही तासाभरात संपला. "चाल, घरी जाऊ," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर ते यंत्र डबीत ठेवू लागले. "कायले सेल खर्च करतोस? मले काही खास ऐकाचं नाही!" वाचकहो, घरातले वडील माणूस असे म्हणू लागले की समजावे, ते घरात असूनही हळूहळू घराबाहेर चालले आहे.

मी पडलो मराठीचा मास्तर! सेल संपला की नवा आणावा आणि दुकानदाराच्या नावाने बोटे मोडावी, यापलीकडे माझी मजल नव्हती. मार्ग दाखवला तो एका जुन्या विद्यार्थ्याने. तो ताडोब्यात वाघांची छायाचित्रे टिपणारे कॅमेरे लावण्याचे काम करतो. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. रानातल्या या कॅमेऱ्यांचा जीव सेलवर. तो म्हणाला, "सर, सेल उगाच मरत नाही. कोणीतरी त्याला आपल्या नकळत काम सांगत असते. कधी कधी कॅमेऱ्यासमोर उन्हाने तापलेले गवत डुलते. यंत्राला वाटते, जनावर आले! दिवसभर गवताचेच फोटो. नवा सेल घालून काय होणार? आधी गवत कापावे लागते."

आमच्या घरातले गवत कोणते? त्याच्या सांगण्यावरून मी वही घातली. सेल घातल्याची तारीख, संपल्याची तारीख, आणि एका वेळी एकच बदल.

पहिला शोध असा, की बाबा रात्री यंत्र काढून ठेवत, पण सेलचे झाकण बंदच. म्हणजे आपण झोपलो तरी यंत्र जागेच! झाकण रात्री उघडे ठेवू लागलो. सेल वाचला आणि आतला घामाचा ओलावाही सुकू लागला. दुसरा शोध ब्लूटूथचा. दूरचित्रवाणीचा आवाज बिनतारी थेट कानात येतो, ही सोय मोठी. पण तिला वीज जास्त लागते. मालिकांचे तास कमी केले. दोन्हींनी थोडा फरक पडला. पण आठवडाभर टिकायला हवा तो सेल तीन दिवसही निघेना. मीटर लावावा तर आकडा जवळजवळ नव्या सेलइतकाच! पुढे कळले, की या सेलचा दाब शेवटपर्यंत फारसा उतरत नाही, आणि मग एकदम कोसळतो. मीटरवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

खरा चोर एका रविवारी सापडला. बाबा ओसरीवर बसून नव्या पाकिटातल्या सहाही सेलांचे तपकिरी कागद सोलून ते डबीत भरत होते. मी विचारले, तर म्हणाले, "नाटकात अंधार असते. हा कागद नखानं निघत नाही मले. म्हणून आधीच काढून ठेवतो."

हे सेल जस्त आणि हवा यांवर चालतात. कागदाखाली बारीक भोके असतात. कागद निघाला, हवा आत शिरली, की सेल जागा होतो आणि वापरा अगर न वापरा, झिजू लागतो. कागद पुन्हा चिकटवून उपयोग नाही. चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तर आतला ओलावाही लवकर उडतो. नाटक ऐकू यावे म्हणून बाबा जी तयारी करत, तीच त्यांचे नाटक बुडवत होती!

तेव्हापासून पाकीट माझ्याकडे. सेल बदलायच्या वेळीच कागद काढतो, पाचेक मिनिटे हवा लागू देतो, मग यंत्रात घालतो. रिकामा सेल लगेच नातवंडांच्या हाताबाहेर. शर्टाच्या गुंडीएवढी ही वस्तू लहान मुलाने गिळली तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा लागतो.

जानेवारीत आम्ही पुन्हा नाटकाला गेलो. खिशात दोन सेल होते, कागदासकट. पहाटे पडदा पडला तेव्हा दोन्ही तसेच होते. परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ गप्प होते. मला धास्ती वाटली. मग म्हणाले,

"नाटक बरं होतं रे. पण तो खलनायक फार ओरडून राहिला होता!"