पाय रोवायला जागा

मोठं कुत्रं गाडीतून न्यायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, मावतं का? आमचा बाजी जर्मन शेफर्ड, वजन ३८ किलो. अर्टिगाच्या मधल्या सीटवर तो आरामात मावतो. अडतं ते तोल सांभाळण्यात.

आम्ही कोल्हापूरचे, माझं माहेर पावसचं. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा असा आमचा रस्ता. नुसत्या सीटवर बसवलेल्या बाजीकडे आंबा घाटाच्या वळणावर मागे वळून बघितलं, की चारही पाय फाकलेले दिसायचे. नखं रेक्झिनमध्ये रुतवायची धडपड चाललेली, शेपूट पोटाखाली, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची लांब तार. माणूस हँडल धरतो, पाय टेकवतो, पुढचं वळण त्याला दिसतं. कुत्र्याला यातलं काहीच मिळत नाही. लहान कुत्रं मुटकुळं करून मांडीत झोपून तरी जातं. उंच, जड कुत्र्याला अंग टाकायचा धीर होत नाही. तो उभाच राहतो आणि पार दमून जातो. म्हणून माझं ठाम सांगणं आहे, आधी त्याच्या पायाखालचं बघा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मधल्या आणि पुढच्या सीटमध्ये पाय ठेवायची जी खोलगट जागा असते, तिथे कुत्र्याचा पाय हमखास घसरतो. बाजारात मिळणारी झोळीसारखी सीटकव्हरं केस आणि चिखल अडवतात, पण अडतीस किलोंच्या वजनाखाली ती खाली लोंबतात. आम्ही त्या खोलगट जागेत घट्ट फोमचे ठोकळे भरले, त्यावर सीटच्या उंचीला प्लायवूडची फळी टाकली आणि सगळ्यावर गोठ्यात गाईम्हशींच्या पायाखाली घालतात ती रबराची मॅट कापून अंथरली. आमच्या भागात दूधदुभतं भरपूर, त्यामुळे ही मॅट सहज मिळते. जनावराचा पाय घसरू नये म्हणूनच ती बनवलेली असते. वर एक जुनी वाकळ, कडा मॅटखाली खोचलेल्या. आता बाजी गाडीत चढल्यावर एकदा गोल फिरतो आणि बसतो. घाट लागेपर्यंत त्याची हनुवटी फळीवर टेकलेली असते.

चढउतार हा या जातींच्या बाबतीत नाजूक विषय आहे. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याची प्रवृत्ती आढळते आणि वयाबरोबर तो झिजत जातो. उडी मारून चढताना ताण मागच्या पायांवर येतो. उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर, खांद्याकोपरांवर आदळतं. सुताराकडून सहा फुटी फळी करून घ्या, वर काथ्याची मॅट चिकटवा. दार जमिनीपासून दोन फुटांवर असेल, तर सहा फुटांच्या फळीचा चढ कुत्र्याला झेपेल इतपत राहतो. फळी आखूड असली की चढ उभा होतो आणि कुत्रा परत उडीच मारतो. आधी ती अंगणात जमिनीवर सपाट ठेवून त्यावरून चालायला शिकवा. आणि दार नेहमी डावीकडचं उघडा, दोरी हातात आल्यावरच.

गाडीत बांधायचं ते छातीच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला. गळपट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याची मान अचानक ब्रेकला मोडू शकते. पट्टा सीटबेल्टच्या खाचेत अडकवा. लांबी इतकीच ठेवा, की त्याला बसता-झोपता यावं, पण पुढच्या सीटपर्यंत पोचता येऊ नये. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी आदळली, तर मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा वेग साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर येतो तेवढा आहे. पुढच्या सीटवर तर त्याला बसवूच नका, तिथे एअरबॅगचा धोका. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण धूळ आणि खडे थेट डोळ्यांत जातात.

यानंतर राहतो तो चालवणारा. माझा नवरा वळणाच्या आधीच वेग कमी करतो, वळणात ब्रेक मारत नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी इंजिनाच्या जोरावर रोखून धरतो. घाटात दहा मिनिटं जास्त लागतात, ती लागू द्यावीत.

एवढं करूनही काही कुत्र्यांना गाडी लागतेच, पिल्लांना विशेष. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो, तो मेंदूला एक सांगतो आणि डोळे दुसरंच, तशी मळमळ सुरू होते. वारंवार जांभया, जिभेने ओठ चाटणं, लाळ ही उलटीआधीची लक्षणं. रात्री हलकं जेवण द्यावं, सकाळी पोट रिकामं ठेवावं, पाणी थोडं थोडं पाजावं. तरी भागलं नाही, तर मॅरोपिटंट नावाचं औषध असतं, प्रवासाच्या किमान दोन तास आधी द्यायचं. त्याचा डोस वजनावर ठरतो, तो पशुवैद्यालाच ठरवू द्या. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशी माणसांची औषधं मनाने देऊ नका. कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. आणि ज्याची गाडी फक्त इंजेक्शनच्या दिशेनेच जाते, तो गाडी बघून थरथरणारच. त्याला अधूनमधून आमच्या रंकाळ्यासारख्या एखाद्या तळ्यावर फिरायला न्या.

एका गोष्टीवर मात्र बारीक लक्ष हवं. जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो. तेव्हा कुत्रा ओकाऱ्या काढतो, पण बाहेर काही पडत नाही, पोट टणक होतं, जिवाची घालमेल होते. ही गाडी लागल्याची मळमळ समजून वाट बघत बसू नका. त्याला तासाभराचीही सवड नसते, मिळेल त्या पहिल्या दवाखान्यात न्या.

उन्हाचं तर किती सांगावं! कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि कोंदट हवेत धापांचाही उपयोग होत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांमधलं तापमान मोजलं. तासाभरात ते सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढलं, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणून 'पटकन चहा घेऊन येतो' हे चालायचं नाही. एकजण कायम त्याच्यापाशी हवा. चालत्या गाडीतही एसीचा वारा मागे पोचतो का, ते हात लावून बघा. आमच्या गाडीत छताला मागचा झोत आहे, तो थेट फळीवर येतो. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. धापा थांबत नसतील, हिरड्या लालभडक दिसत असतील, तो झोकांड्या देत असेल, तर आधी सावलीत अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला, मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते.

आम्ही पहाटे निघतो. आंबा गावाच्या अलीकडे थांबतो, घाट उतरल्यावर साखरप्याला पुन्हा. दर दोन तासांनी पाय मोकळे करायला मिळाले, की सांधे आखडत नाहीत. घाटात कठड्यावर माकडं असतात, तिथे मात्र दार उघडायचं नाही.

पावसला पोचलो की आई दूधभाताचं ताट घेऊन पायरीवर उभी असते. तिला दरवेळी थोपवावं लागतं. आधी बाजीने वाडीत एक फेरी मारायची, थोडं पाणी प्यायचं, धाप पूर्ण बसायची. ताट त्यानंतर, तेही अर्धंच, उरलेलं संध्याकाळी.